जोडटर्बो एंजिनातील बूस्टचे नियंत्रण आणि नागपूरचा उन्हाळा

अंतर्ज्वलन एंजिनाची शक्ती अंतिमतः एकाच गोष्टीवर अवलंबून असते. ती म्हणजे दर मिनिटास सिलिंडरात जाणाऱ्या हवेचे वस्तुमान. इंधन हवे तेवढे घालता येते, हवा मात्र ओढून आणावी लागते. निष्कास वायूंत वाया जाणाऱ्या ऊर्जेवर टरबाइन फिरवावे आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या संपीडकाने हवा दाबून सिलिंडरात भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट करून घेतली. पुढे १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस याने अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर लिबर्टी विमान-एंजिन नेऊन तेथील विरळ हवेतही टर्बोचार्जर एंजिनाची गमावलेली शक्ती भरून काढतो, हे दाखवून दिले. या दुसऱ्या प्रयोगात एक गोष्ट स्पष्ट होती, जी पुढील काळात बरीचशी विसरली गेली. टर्बोचार्जरचे काम दाब वाढविणे हे नसून हवेचे वस्तुमान वाढविणे हे आहे. दाब हे त्याचे साधन होय.

वातावरणाच्या दाबाहून जो अधिक दाब संपीडक निर्माण करतो त्यास मोटारीच्या व्यवहारात बूस्ट म्हणतात. एका लहानशा काट्यावर तो वाचता येतो. म्हणूनच फेरबदल केलेल्या मोटारींचे मालक आपल्या एंजिनाची योग्यता याच आकड्यात सांगतात. मूळ ०.६ बार बूस्टवर चालणारे एंजिन १ बारवर नेले, म्हणजे शक्ती त्याच प्रमाणात वाढली, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब कोठे चुकतो आणि चुकल्यावर कशाचे नुकसान होते, हे पाहण्यासाठी नागपुरासारखे दुसरे ठिकाण शोधावयास नको.

नागपूर शहराच्या पूर्व भागातील नंदनवन या वस्तीचे नाव इंद्राच्या उद्यानावरून पडलेले असले, तरी मे महिन्यातील दुपारी तेथे त्या उद्यानाची आठवण होण्याचे काही कारण नाही. कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासून याच भागात आहे. तेथील विद्यार्थ्यास उष्मागतिकीच्या पुस्तकातील प्रमाणित तापमान आणि फाटकाबाहेरील रस्त्यावरचे तापमान यांतील अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यात सावलीतील पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जाणे येथे नवे नाही, आणि डांबरी रस्त्यालगतची हवा त्याहूनही तापलेली असते. उलट जानेवारीतील पहाटे हीच हवा १२ ते १५ अंशांची असते. म्हणजे एकाच एंजिनाला एकाच वर्षात तीस अंशांच्या फरकाची हवा घ्यावी लागते.

या फरकाचा अर्थ आकड्यांनी पाहावा. संपीडकाचे दाब-गुणोत्तर २, म्हणजे स्थूलमानाने १ बार बूस्ट, आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर १५ अंशांची हवा संपीडकातून सुमारे १०५ अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलरची परिणामकारकता ७० टक्के मानल्यास ती एंजिनात शिरताना ४२ अंशांपर्यंत खाली येते. आता तीच गणना ४५ अंशांच्या हवेसाठी केली, तर संपीडकाच्या मुखाशी तापमान १४५ अंश होते आणि इंटरकूलरनंतरही हवा ७५ अंशांवर राहते. दोन्ही वेळी काटा १ बारच दाखवितो. परंतु निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घनता घटते, म्हणून मे महिन्यात सिलिंडरात जाणारी हवा साडेनऊ टक्क्यांनी कमी असते.

येथे कोणी म्हणेल की, दहा टक्के शक्ती गेली तर गेली. पण आधुनिक एंजिनाचे संगणकीय नियंत्रण ती सहजासहजी जाऊ देत नाही. बहुतेक नियंत्रकांत लक्ष्य म्हणून दाब न ठेवता हवेचे वस्तुमान किंवा घूर्णबल ठेवलेले असते, आणि बूस्ट त्यावरून काढला जातो. हवा तापली की नियंत्रक बूस्ट वाढवितो. वरील उदाहरणात जानेवारीइतकेच वस्तुमान मे महिन्यात मिळवावयाचे, तर दाब-गुणोत्तर २ वरून सुमारे २.२५ वर न्यावे लागते. एंजिनात शिरणारी हवा त्या वेळी ८० अंशांची होते, आणि दर किलोग्रॅम हवेमागे संपीडकाला करावे लागणारे कार्य जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढते. शक्ती तेवढीच; तिच्यासाठी टर्बोने करावयाची मेहनत मात्र सव्वापटीहूनही अधिक. ही मेहनत टरबाइनकडून येते. त्यासाठी वेस्टगेट अधिक मिटावे लागते, निष्कास मार्गातील दाब चढतो, आणि सिलिंडरात मागे राहणाऱ्या तप्त वायूंचे प्रमाण वाढते. शिवाय तापलेल्या हवेत तेच दाब-गुणोत्तर गाठण्यास चक्राची गती मुळातच सुमारे पाच टक्के अधिक लागते; गुणोत्तर वाढविल्यावर ती त्याहूनही चढते.

मूळ उत्पादकाने या सर्वांसाठी राखीव अवकाश ठेवलेला असतो. लहान टर्बोला मोठे काम न देणे, हवेचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास लक्ष्य खाली आणणे, ठिणगी मागे घेणे, ही त्या अवकाशाचीच रूपे होत. एंजिनात फेरबदल करणारा कारागीर जी वाढीव शक्ती काढून देतो, ती बहुधा याच अवकाशातून काढलेली असते. जानेवारीत तो अवकाश वापरला गेला, तर मे महिन्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

दोन टर्बो असले की हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. पण दोन टर्बो घेतातच कशासाठी? एक मोठा टर्बो फिरावयास वेळ लागतो आणि दोन लहान लवकर फिरतात, हे उत्तर सर्वांना पाठ आहे. ते खरे असले तरी त्याची मात्रा फुगवून सांगितली जाते. सारख्या घडणीच्या चक्रांत जडत्वाचे आघूर्ण व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलते. म्हणून निम्म्या प्रवाहाचा टर्बो घेतला तर प्रत्येकाचे आघूर्ण मोठ्याच्या एक-षष्ठांशाच्या जवळपास येते. परंतु लहान चक्राला तोच दाब देण्यासाठी कडेचा वेग तोच ठेवावा लागतो, म्हणजे अधिक फेरे घ्यावे लागतात, आणि निष्कास वायूही प्रत्येकाला निम्माच मिळतो. दोन्ही चक्रांची मिळून गतिज ऊर्जा काढली, तर ती एका मोठ्या चक्राच्या सुमारे ७१ टक्के भरते. तेव्हा खरा लाभ तीस टक्क्यांच्या आतबाहेर आहे, सहापट नव्हे. आणि लहान चक्रांची कार्यक्षमता किंचित कमी असल्याने त्यातूनही थोडे वजा करावे लागते. सहा सिलिंडरांच्या एंजिनात तीन-तीन सिलिंडरांचे स्पंद वेगळे ठेवता येतात आणि निष्कास नळ्या आखूड होतात, हा लाभ कदाचित अधिक मोलाचा आहे.

दोन टर्बोंची मांडणी तीन प्रकारे होते. १९८१ च्या मासेराटी बिटुर्बोपासून मोटारींत रूढ झालेली पहिली मांडणी समांतर होय. दोन्ही टर्बो सारखे व बरोबरीने चालणारे. दुसरी क्रमवार. तीत कमी फेऱ्यांवर एकच टर्बो चालतो व पुढे दुसरा त्यास मिळतो. पोर्शे ९५९, टोयोटा सुप्राचे २जेझेड-जीटीई आणि माझ्दा आरएक्स-७ ही तिची प्रसिद्ध उदाहरणे. माझ्दाच्या एंजिनात दुसरा टर्बो सामील होताना साडेचार हजार फेऱ्यांच्या सुमारास बूस्ट क्षणभर खाली येऊन पुन्हा वर चढतो. ही घसरण किती उथळ आहे यावरून जाणकार माणूस त्या मोटारीच्या निर्वात नळ्यांची प्रकृती ओळखतो. तिसरी मांडणी द्विपदी, म्हणजे एका संपीडकाची हवा दुसऱ्यात पुन्हा दाबणारी. ती मुख्यतः डिझेल एंजिनांत आढळते. पुण्याजवळील चाकण येथे २००९ पासून चालू असलेल्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात जुळविल्या गेलेल्या ई २५० सीडीआय या मोटारीचे चार सिलिंडरांचे एंजिन याच जातीचे होते. डिझेलमध्ये ठोक्याची भीती नसल्याने तेथील प्रश्न निराळे आहेत. त्यांचा विचार येथे कर्तव्य नाही.

समांतर मांडणीचे चांगले उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूचे २००६ मध्ये आलेले एन-५४ हे सरळ सहा सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन. २,९७९ घन सेंटिमीटर, १०.२ चे संपीडन-गुणोत्तर, सिलिंडरात थेट इंधन-फवारा, सुमारे ०.६ बार बूस्ट आणि ३०६ अश्वशक्ती, अशी त्याची मूळ स्थिती. केवळ नियंत्रकातील आज्ञावली बदलून त्याचा बूस्ट १ बारच्या पुढे नेता येतो, ही गोष्ट जगभर पसरली आणि फेरबदल करणाऱ्यांचे ते लाडके एंजिन झाले. ०.६ वरून १ बारवर जाताना दाब-गुणोत्तर १.६ वरून २ होते, म्हणजे २५ टक्क्यांनी वाढते. परंतु ४५ अंशांच्या हवेत वस्तुमान २१ टक्केच वाढते. आणि लहान टर्बो आपल्या उत्तम क्षेत्राबाहेर जाऊन त्याची कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली, तर वाढ वीस टक्क्यांच्याही आत येते. इंटरकूलरनंतरचे तापमान मात्र ६५ अंशांवरून ८० अंशांवर जाते.

आता समांतर मांडणीतील खरा धोका पाहावयाचा. दोन्ही संपीडक एकाच नळीत हवा सोडतात आणि दाबमापक त्या सामाईक नळीवर असतो. समजा, एका बाजूचे वेस्टगेट पूर्ण मिटत नाही. एन-५४ मध्ये वेस्टगेट निर्वाताच्या ओढीने मिटलेले राहते आणि निर्वात नसेल तर उघडते. एंजिनाच्या उष्णतेने रबरी निर्वात नळीस चीर पडली, तर हे सहज घडते. त्या बाजूचा टरबाइन मंदावतो. नियंत्रकाला दिसते ते एवढेच, की सामाईक दाब लक्ष्याहून कमी आहे. म्हणून तो दोन्ही वेस्टगेटांना अधिक मिटण्याची आज्ञा देतो. निरोगी टर्बो वेग घेतो, आपला व दुसऱ्याचाही वाटा उचलतो, आणि काटा पुन्हा १ बारवर येऊन स्थिर होतो. मालकाच्या दृष्टीने सर्व ठीक आहे. प्रत्यक्षात एक टर्बो आपल्या सुरक्षित गतीपलीकडे फिरत असतो; दुसरा, समोर दाब पुरा आणि स्वतःचा प्रवाह अपुरा अशा अवस्थेत, मधूनमधून उलट झोत सोडून फडफडत असतो. दोन बाजूंच्या निष्कास मार्गांतील दाबही असमान होतात, आणि म्हणून ठोका एका बाजूच्या तीन सिलिंडरांतच आधी उमटतो.

सामाईक नळीवरील काटा हा दोष कधीच दाखवीत नाही. तो शोधण्याचा मार्ग जुना व साधा आहे. एंजिन बंद ठेवून हातपंपाने प्रत्येक वेस्टगेटचा कारक वेगवेगळा हलवावयाचा, तो कोणत्या दाबाला किंवा निर्वाताला हलू लागतो व कोणत्या बिंदूला पूर्ण मिटतो हे लिहून ठेवावयाचे, आणि दोन्ही बाजूंचे आकडे जुळतात की नाही ते पाहावयाचे. त्यानंतर हवेच्या मार्गात दाब भरून गळती शोधावयाची. चालत्या मोटारीत दोन्ही निष्कास नळ्यांचे तापमान स्वतंत्रपणे नोंदता आले तर उत्तमच. बूस्ट वाढविण्याचा विचार या परीक्षेनंतर करावयाचा असतो. बहुतेक ठिकाणी तो आधी केला जातो.

नियंत्रणाच्या इतर दोषांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत. निष्कास मार्गातील अडथळे काढून मोठ्या व्यासाची नळी बसविली, की टरबाइनला वाहण्यास जागा मिळते. पण वेस्टगेटचे छिद्र मूळचेच लहान राहते. मग पूर्ण उघडूनही ते पुरेसा वायू वळवू शकत नाही आणि फेरे वाढतील तसा बूस्ट आपोआप चढत जातो. सोलेनॉइड झडपेची किंवा आज्ञावलीची कोणतीही जुळणी यास उपाय नाही. छिद्र वाढविणे किंवा स्वतंत्र वेस्टगेट बसविणे हाच मार्ग. दुसरा दोष संवेदकाच्या मर्यादेचा. २.५ बार निरपेक्ष दाबापर्यंत मोजणारा संवेदक त्यापुढे गेल्यावर २.५ च दाखवीत राहतो. लक्ष्य त्या मर्यादेच्या वर ठेवलेले असल्यास नियंत्रकाला ते कधीच गाठलेले दिसत नाही, आणि साचत जाणाऱ्या चुकीच्या हिशेबाने तो वेस्टगेट अधिकाधिक मिटत जातो.

संवेदकावर किती विसंबावे, याचे एक उदाहरण नागपूरकरांच्या स्मरणात ताजे आहे. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सियस तापमान नोंदविले आणि देशभर खळबळ उडाली. तो आकडा संवेदकाच्या बिघाडामुळे आल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. तेथे शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहणारी माणसे होती. एंजिनाच्या नियंत्रकापाशी बहुधा एकच तापमान-संवेदक असतो, आणि तो चुकून पंधरा अंश कमी दाखवू लागला, तर लक्ष्य खाली आणण्याची सर्व योजना निरुपयोगी ठरते.

या साऱ्याचा शेवट ठोक्यात, म्हणजे नॉकिंगमध्ये होतो. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील न जळलेले मिश्रण दाब व उष्णता यांमुळे आपोआप पेटते, दाबाच्या तीव्र लहरी उठतात, आणि दट्ट्याच्या माथ्यावरील थंड वायूचा संरक्षक थर पुसला जातो. दट्ट्याच्या कड्यांमधील अरुंद पट्टी तुटणे हा त्याचा नेहमीचा परिणाम. स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी ठोक्याचा कानोसा घेणारा संवेदक बूस्टच्या नियंत्रणाशी जोडला. ठोका ऐकू आला की वेस्टगेट उघडावयाचे. पुढे सर्वांनी ही दिशा स्वीकारली. पण हा संवेदक पहारेकरी आहे. त्याच्या भरवशावर रोजचे काम चालवावयाचे नसते. मे महिन्यात दर चढावर तो ठिणगी मागे घेत असेल, तर बूस्टने मिळविलेली शक्ती तेथेच खर्ची पडते, आणि उशिरा जळणाऱ्या मिश्रणाने निष्कास वायू अधिक तापून टरबाइनवर त्याचा भार येतो. अशा स्थितीत बूस्ट ०.२ बारने उतरविल्यास शक्ती जवळजवळ तेवढीच राहून तापमान खाली येते. बूस्ट कमी करून शक्ती टिकविण्याचा हा प्रकार मालकास पटविणे कारागिराला कठीण जाते.

इंधनाच्या बाजूने थोडी मदत झाली आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक मोठा असतो आणि बाष्पीभवनाची उष्णता पेट्रोलच्या अडीचपट असल्याने ते सिलिंडरातील हवा थंड करते. मात्र त्यास हवा कमी लागते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागास १४.७ भाग, तर या मिश्रणास सुमारे १३.५ भाग हवा लागते. म्हणून तेवढ्याच हवेसाठी इंधन आठ-नऊ टक्के अधिक द्यावे लागते. वाढीव बूस्टमुळे इंधन-फवारे आधीच क्षमतेच्या टोकाशी आलेले असतील, तर ही वाढ त्यांना पेलत नाही आणि मिश्रण ऐन भारात विरळ होते.

शक्तीचे मापन ज्या पद्धतीने होते तीही येथे तपासून घेतली पाहिजे. कार्यशाळेतील डायनॅमोमीटरवर काही सेकंदांची एक धाव घेतली जाते. तेवढ्या वेळात इंटरकूलरची धातूच बरीचशी उष्णता पिऊन टाकते, आणि येणारा आकडा चांगला दिसतो. शिवाय त्या आकड्यास २५ अंश तापमान व ९९ किलोपास्कल दाब या प्रमाणित स्थितीवर नेणारा गुणक लावतात. तो गुणक मूलतः टर्बो नसलेल्या पेट्रोल एंजिनांसाठी आहे. जे एंजिन स्वतःच बूस्ट वाढवून उष्णतेची भरपाई करते, त्यास तो पुन्हा लावणे म्हणजे एकच सूट दोनदा घेणे होय. रस्त्यावरची गोष्ट निराळी. नागपूरहून शिवमडका येथे समृद्धी महामार्गास लागलेली मोटार ताशी १२० किलोमीटरच्या विहित वेगाने कितीही अंतर गेली, तरी तिला फारसा बूस्ट लागत नाही, आणि समोरचा वारा इंटरकूलरला थंड ठेवतो. एंजिनाची खरी कसोटी नंदनवनातील चौकाचौकात थांबत गेलेल्या मोटारीने रस्ता मोकळा होताच पूर्ण भार मागितला, तर त्या क्षणी लागते. थांबलेल्या मोटारीचा इंटरकूलर वाऱ्याअभावी स्वतःच तापलेला असतो, आणि पहिले काही क्षण तो हवा थंड करण्याऐवजी फार तर आहे तशी पुढे देतो.

सार्वजनिक रस्त्यावरील वाहनाबाबत कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावले.

पावसाळा सुरू झाल्यावर चित्र पुन्हा बदलते. जुलैतील ३० अंशांच्या दमट हवेत बाष्पाचा अंश साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. तेवढी प्राणवायूयुक्त हवा कमी होते, परंतु बाष्पामुळे ज्वलन मंदावून ठोक्याची प्रवृत्तीही घटते. मे महिन्यातील कोरड्या हवेत ही सवलत जवळजवळ निम्म्याने कमी असते. म्हणून येथील हवेसाठी लक्ष्याचा तक्ता तयार करताना केवळ तापमानाचा एक स्तंभ पुरत नाही. तापमान, बाष्प आणि इंटरकूलरनंतरची प्रत्यक्ष हवा, या तिन्हींच्या नोंदी निदान एक संपूर्ण वर्षभर घ्याव्या लागतात, आणि त्यांची सुरुवात मे महिन्यापासून करणे श्रेयस्कर असते.